ताईंच्या पत्रांचा बस्ता

सोमवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी बारनिशीकाकांनी पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून आणि स्वतःच्या हातांनी बायकोच्या बहिणीची सहाशे अडतीस पत्रं कायमची नष्ट केली. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण नष्ट केल्याबरोबर त्यांनी ती वहीत टिपून ठेवली होती. माणूस शिस्तीचा.

बारनिशीकाका हे नाव इमारतीनं ठेवलेलं. बारनिशी म्हणजे कचेरीतली ती खिडकी, जिथे आलेल्या प्रत्येक कागदावर आवक क्रमांक पडतो आणि जाणाऱ्या प्रत्येक कागदावर जावक. त्या खिडकीमागे काका एकतीस वर्षं बसले. साहेब बदलले, टेबलं बदलली, छताचा पंखा दोनदा खाली आला, पण काकांच्या हातून कागद कधी हरवला नाही. निरोपाच्या कार्यक्रमात तिघांनी हेच वाक्य वेगवेगळ्या आवाजांत म्हटलं आणि काकांनी तिन्ही वेळा मान खाली घालून "कसचं, कसचं" केलं. मनातून त्यांना ते चारदा म्हटलेलं चाललं असतं.

पत्र वाचायची मात्र त्यांना सवय नव्हती. विषय बघायचा, क्रमांक टाकायचा, पुढे ढकलायचं. आत काय लिहिलंय ते ज्याचं त्यानं बघावं, आपण नोंद करणारी माणसं, असं ते म्हणत. घरीही तेच. काकूंची थोरली बहीण, जिला सगळेच ताई म्हणत, ती दूर राहायची आणि अकरा वर्षं काकूंना घरच्या कॉम्प्युटरवर मेल पाठवायची. पाच-सहा ओळींचं पत्र, आठवड्याला एक तरी. काकू ते वाचून कधी हसायच्या, कधी पदर डोळ्यांना लावायच्या. काका शेजारच्या खुर्चीवर पेपर वाचत बसायचे. काय लिहिलंय असं त्यांनी अकरा वर्षांत एकदाही विचारलं नाही, आणि हा आपला मोठेपणा आहे अशी त्यांची समजूत होती.

गेलं वर्षभर ताई विसरायला लागल्या होत्या. आधी चष्मा, मग गॅस, मग माणसं. शेवटी काकूंनी ठरवलं की तिला कायमची आपल्याकडेच आणायची. रविवारी त्या आणायला निघाल्या, तेव्हा दारात चप्पल घालता घालता काकांना म्हणाल्या, "माझ्या मेलमध्ये ताईची सगळी पत्रं आहेत. गुरुवारी आम्ही येईपर्यंत छापून ठेवा. रोज संध्याकाळी तिला तिचीच पत्रं वाचून दाखवीन. डॉक्टर म्हणालेत, जुनं कानावर पडत राहिलं तर धरून राहील थोडं. एवढंच काम आहे. आणि हे बघा, तुमचं डोकं चालवू नका. नुसती छापा."

नुसती छापा! एकतीस वर्षं बारनिशी सांभाळलेल्या माणसाला!

सोमवारी सकाळी आंघोळ आटोपून, धुतलेला शर्ट घालून काका कॉम्प्युटरसमोर बसले. काकूंची मेलपेटी उघडली आणि त्यांच्या अंगावर काटाच आला. ताईंच्या पत्रांत विजेची बिलं, बिलांत चादरींच्या जाहिराती, जाहिरातींत कुणाच्या तरी नातवाचे फोटो. असलं टेबल कचेरीत असतं तर माणसाची बदली झाली असती. काकांनी बाह्या सरसावल्या. ताईंची पत्रं एक एक करून वेगळी मोजली. सहाशे अडतीस भरली. मग त्यांच्यासाठी एक नवा कप्पा उघडला, कचेरीत कागदांच्या बांधलेल्या गठ्ठ्याला बस्ता म्हणतात म्हणून त्याला 'बस्ता – ताई' असं नाव दिलं आणि सगळी पत्रं त्यात लावली. इथपर्यंत सगळं ठीक होतं. इथे ते उठून चहाला गेले असते तर ही गोष्ट घडलीच नसती.

पण त्यांनी मूळ पेटीत डोकावून पाहिलं. तिथे तीच सहाशे अडतीस पत्रं अजून तशीच दिसत होती. म्हणजे एकच कागद दोन ठिकाणी! बारनिशीत याहून मोठं पाप नाही. प्रत बस्त्यात लागली की टेबलावरची फाडायची, हा नियम काकांनी किती नवख्यांच्या डोक्यात ठोकून भरला होता. त्यांनी पेटीतली पत्रं काढून टाकली. यंत्रानं विचारलं, नक्की का? नक्की. मग ते कचरापेटीत गेले, कारण अर्धवट काम त्यांना खपत नाही. कायमची काढू? काढ. वेळ नोंदवली, चहा करून आणला, आणि छापायला म्हणून बस्ता उघडला.

बस्ता रिकामा होता.

बस्त्यात दिसत होती आणि पेटीत दिसत होती ती पत्रं एकच होती, हे काकांना दुसऱ्या दिवशी कळलं. कप्पा म्हणजे नुसती वर चिकटवलेली चिठ्ठी, कागद मुळात एकाच जागी. पण ही झाली दुसऱ्या दिवशीची अक्कल. सोमवारी तीन वाजून पंचवीस मिनिटांनी काकांच्या पाचावर धारण बसली होती. ते उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले, बस्ता पुन्हा उघडला. खुर्ची सरकवून उघडला. चष्मा पुसून उघडला. मग स्वयंपाकघरात जाऊन, काही कारण नसताना, एक डबा उघडून आत पाहिलं. गुरुवारी चार वाजता दोघी बहिणी दारात उभ्या राहणार होत्या.

पहिले धावून आले खालच्या मजल्यावरचे शेजारी. हे पाणीपुरवठ्यात इंजिनियर होते, निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी त्यांना इमारत पाणीखातं म्हणूनच ओळखायची. जगातली कुठलीही अडचण शेवटी नळाचीच असते असा त्यांचा ठाम विश्वास. काकांनी त्यांना बोलावलं नव्हतं. जिन्यात काका तिसऱ्यांदा वर-खाली करताना दिसले एवढं त्यांना पुरलं.

"अहो, गेलं म्हणजे कुठे जाईल?" पाणीखातं खुर्ची ओढून म्हणाले. "लाइन एकच आहे ना? मग मधे कुठेतरी तुंबलंय. पहिलं काम, मेन बंद करायचा."

"मेल?"

"मेन हो! मेन!"

काका नको नको म्हणेपर्यंत त्यांनी जिन्यातलं बटण खाली ओढलं. ते सगळ्या मजल्याचं होतं. त्याबरोबर समोरच्या दारातून शाळाबाई बाहेर आल्या. या एका शाळेत मुख्याध्यापिका होत्या. आवाज अजून मैदानाच्या मापाचा, आणि काकूंशी दररोज संध्याकाळी फोनवर बोलायचा नेम. काकांना नेमकं याच बाईंपासून हे लपवायचं होतं.

"लाइट कोणी घालवले?" बाईंनी विचारलं. दोघे वृद्ध गृहस्थ जिन्यात खाली मान घालून उभे राहिले. मग बाईंनी पाचच मिनिटांत सगळा कबुलीजबाब काढून घेतला.

"सरळ फोन करून सांगून टाका तिला," बाई म्हणाल्या.

"सांगणार आहे. सापडल्यावर."

"सापडल्यावर सांगायचं काय उरतं? बरं, दुसरा उपाय. आठवतील तशी लिहून काढा. दहा-वीस तरी."

"आठवतील कशी? मी वाचलेली नाहीत."

"एकही?"

"दुसऱ्याची पत्रं मी वाचत नाही, बाई. मी फक्त नोंद करतो."

बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की काकांना क्षणभर बाकावर उभं राहावंसं वाटलं. पण बाई मनानं चांगल्या. गुरुवारपर्यंत तोंड उघडणार नाही असं त्यांनी कबूल केलं. "त्यानंतर मात्र मी खोटं बोलणार नाही," असंही सांगितलं.

लाइट परत आल्यावर पाणीखात्यांनी पुसलेलं परत आणणारा एक प्रोग्राम इंटरनेटवरून शोधून काढला आणि काकांच्या यंत्रात सोडला. यंत्र दोन तास घरघरलं. काका खोलीत फेऱ्या मारत राहिले, पाणीखातं पडद्याला कान लावून "येतंय, येतंय, दाब वाढतोय," असं सांगत राहिले. आणि खरंच आलं. अकरा हजार फोटो आले. काकांच्या अंगठ्याचे फोटो, छताचे फोटो, विजेच्या मीटरचे एकशे चाळीस फोटो, चुकून टिपला गेलेला जिना. इतक्या वर्षांत या घरात जे जे काढून टाकण्याच्या लायकीचं निपजलं ते सगळं परत आलं. ताईंचं एक अक्षर आलं नाही. आणि एवढं सगळं पोटात घेऊन यंत्रानं मान टाकली.

मंगळवारी सकाळी काका यंत्र चादरीत गुंडाळून, छातीशी धरून दुरुस्तीवाल्याकडे निघाले. दुकान शिंप्याच्या आणि किल्ल्यावाल्याच्या मधे. तिथवर पोहोचेपर्यंत तिघांनी विचारलं, कोण आजारी आहे. दुरुस्तीवाला पन्नाशीचा, शांत, कपाळावर दिवा बांधून बसलेला गृहस्थ. त्यानं यंत्र उघडलं आणि आतून मुठीएवढा धुळीचा गोळा काढून काकांसमोर ठेवला. शेजारचा किल्ल्यावालाही तो गोळा बघायला आला. ज्यानं उभ्या आयुष्यात टेबलावर धूळ बसू दिली नाही त्याच्या यंत्राच्या पोटातून हे निघावं! काकांनी गोळ्याकडे पाठ फिरवली.

यंत्र दुपारी सुरू झालं. मग काकांनी खरं दुखणं सांगितलं. दुरुस्तीवाल्यानं कपाळावरचा दिवा विझवला.

"काका, मेल यात नसतातच. मेल त्यांच्याकडे असतात."

"त्यांच्याकडे म्हणजे?"

"कंपनीकडे."

"कंपनी कुठे बसते?"

दुरुस्तीवाल्यानं हात वर करून छताच्या दिशेला कुठेतरी दाखवलं. काकांनी वर पाहिलं. तिथे पंखा होता.

"मग हे धूड मी उचलून आणलं कशाला?"

"ते मला काय माहीत? पण साफ झालं ना," दुरुस्तीवाला म्हणाला. काकांनी यंत्र परत मिळाल्याची पोच लिहून, सही करून त्याला दिली. त्यानं ती मागितली नव्हती.

कंपनीकडे माणूस नव्हता, मदतीचं पान होतं. काकांना हायसं वाटलं, कारण पान म्हणजे अर्ज, आणि अर्ज म्हटला की त्यांच्या बोटांत बळ येतं. पण अर्जाआधी ओळख पटवायची होती. खातं काकूंचं, त्यामुळे काकूंच्या फोनवर एक आकडा जाणार आणि तो इथे भरायचा. काकांनी फार विचार न करता बटण दाबलं. दोन मिनिटांत फोन वाजला.

"अहो, मला कसलासा आकडा आलाय. सहा अंकी."

"हां हां. तो माझ्या कामाचा आहे. सांग बघू."

"तुमच्या कामाचा माझ्या फोनवर कशाला येईल?"

"अगं, छपाईचं आहे काहीतरी. वाच."

"त्यात लिहिलंय, हा आकडा कोणालाही सांगू नका."

"मी कोणीही आहे का?"

"नवऱ्याला सोडून, असं कुठे लिहिलेलं नाही," काकू म्हणाल्या. "आणि आपल्या फ्रिजवर तुम्हीच काय चिकटवलंय?"

काकांनी फ्रिजकडे पाहिलं. 'फोनवर आलेला आकडा कोणासही सांगू नये. अपवाद नाही.' खाली त्यांचीच सही, तारीख.

"बरं, पत्रं छापून झाली का?"

"कार्यवाही सुरू आहे," काका म्हणाले.

"ताई सारखी विचारतेय, आपण कुठे निघालोय. दर अर्ध्या तासानं सांगतेय मी." काकूंचा आवाज एकदम दमलेला आला. "ती पत्रं तेवढी नीट छापा हो." आणि फोन ठेवला.

आकडा नसेल तर गुप्त प्रश्नाचं उत्तर द्या, असं पानावर लिहिलं होतं. काकूंनी कधीकाळी स्वतः भरून ठेवलेला प्रश्न असा: तुमची सगळ्यात जवळची व्यक्ती कोण? काकांच्या चेहऱ्यावर दोन दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. एवढंच ना! त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. चूक. त्यांनी वडिलांच्या नावासकट पूर्ण लिहिलं. चूक. नुसतं आडनाव लिहावं का, काकू कधी नाव घेत नाहीत, असा विचार करून ते लिहिलं. तीन वेळा चुकल्यामुळे हे पान चोवीस तास बंद राहील, असं यंत्रानं कळवलं.

मंगळवारची संध्याकाळ काकांनी कशी काढली ते न सांगितलेलं बरं. पाणीखातं येऊन गेले. शाळाबाई येऊन गेल्या, आणि जाताना म्हणाल्या, "चव्वेचाळीस वर्षांचा संसार ना? मग तुमचंच नाव असेल कशावरून?" हा प्रश्न काकांना झोंबला. त्यांनी फुलदाणी या टेबलावरून त्या टेबलावर ठेवली, परत आणली, पेपरची रद्दी तारखेनं लावली. बायकोच्या जवळची, आपण सोडून, दुसरी व्यक्ती कोण असू शकते, यावर त्यांनी आयुष्यात प्रथमच विचार केला.

बुधवारी चोवीस तास भरल्याच्या दुसऱ्या मिनिटाला त्यांनी लिहिलं: ताई.

पान उघडलं.

काकांना आनंद व्हायला हवा होता. तो झालाही, पण त्याला कुठेतरी खरचटलं होतं. ते बाजूला ठेवून त्यांनी अर्ज लिहायला घेतला. 'विषय: नजरचुकीने नष्ट झालेली सहाशे अडतीस पत्रे परत मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की...' असा दीड पानी अर्ज त्यांनी रचला, त्यात घटनेची वेळ घातली, आपल्या एकतीस वर्षांच्या निष्कलंक सेवेचा उल्लेख केला, आणि तसदीबद्दल क्षमस्व म्हणून पाठवला. अर्ज झकास होता. कचेरीत असता तर टिप्पणीसाठी तीन टेबलं फिरला असता.

उत्तर चाळीस सेकंदांत काकूंच्या मेलपेटीत येऊन पडलं. कायमची काढलेली पत्रं परत मिळू शकत नाहीत. आमच्या सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात, एक ते पाच तारे द्या. आणि त्याखाली, काही एक न बदलता, काकांचाच दीड पानी अर्ज.

"माझाच अर्ज मलाच परत!" काका ओरडले. पाणीखातं तिथे बसलेच होते. "न वाचता! चाळीस सेकंदांत कुणी वाचेल का हो? उत्तर दोन ओळींचं, आणि खाली माझं सगळं पत्र जसंच्या तसं लटकावून दिलंय! ही काय पद्धत झाली?"

"उलटा प्रवाह," पाणीखातं म्हणाले.

काका पुढे बोलणार होते, पण त्यांचं तोंड उघडंच राहिलं. उत्तर वर, मूळ पत्र खाली. जसंच्या तसं. तीन दिवस ते आवकेत शोधत होते. पण कचेरीत आलेलं पत्र गहाळ झालं म्हणून कुणी रडत आलं की काका खिडकीतून एकच वाक्य बोलायचे: 'आवक सापडत नाही ना? मग जावक बघा. उत्तरात संदर्भ असतोच.' एकतीस वर्षं बोललेलं वाक्य! स्वतःच्या घरी ते आठवायला एका यंत्राचं टोलवाटोलवीचं उत्तर यावं लागलं.

त्यांनी काकूंनी पाठवलेल्या पत्रांचा कप्पा उघडला. तिथे बोटही लागलेलं नव्हतं. काकू नवं पत्र कधी सुरू करत नसत. ताईचं पत्र समोर ठेवून त्याच्यावरच उत्तर लिहायची त्यांची सवय. आणि प्रत्येक उत्तराच्या खाली, न मळता, न फाटता, ताई होती.

पाणीखात्यांनी काकांना मिठी मारली. "बघा, म्हणालो होतो, लाइन एकच आहे," ते म्हणाले, आणि श्रेय घेऊन घरी गेले.

आता वरचा काकूंचा भाग कापायचा, खालचं ताईचं पत्र छापायचं. पण कुठे कापायचं हे कळायला वरचं वाचावं लागतं. काकांनी चष्मा पुसला, घसा खाकरला, आणि जन्मात पहिल्यांदा विषयाच्या खाली उतरले. पहिली तीन पत्रं पाऊसपाण्याची निघाली, चौथ्यात काकूंनी लिहिलं होतं:

'ताई, ह्यांनी आज भाजीच्या पिशवीवर आवक क्रमांक घातला. भोपळा एकशे सतरा.'

काकांनी आजूबाजूला पाहिलं. खोलीत कोणी नव्हतं. ही गोष्ट खरी होती, पण ती पिशव्या मोजण्यासाठी केलेली सोय होती. पुढचं पत्र.

'हे निवृत्त झाल्यापासून माझ्या मागे मागे फिरून कपाटं उघडतात आणि हं म्हणून बंद करतात. काय शोधतात ते त्यांनाही ठाऊक नाही.'

'पाठीत कळ आली म्हणून सांगितलं, तर ह्यांनी वेळ लिहून घेतली. पाठ चेपायचं सुचलं नाही. मग शाळाबाईंनी शेक दिला.'

काका उठले. खिडकीपर्यंत गेले, परत आले. आपल्या नावाची ही फाइल अकरा वर्षं आपल्याच घरात, आपल्या शेजारच्या खुर्चीवर तयार होत होती आणि आपण पेपर वाचत होतो! खालून ताईही काही कमी नव्हत्या. 'मेहुण्यांना सांग, मी येईन तेव्हा माझ्यावरही शिक्का मारा, म्हणजे हरवणार नाही.' हे चार वर्षांपूर्वीचं. तेव्हा ताईंना सगळं आठवत होतं आणि त्यांनी ते थट्टेत लिहिलं होतं. काकांना त्या ओळीपुढे थोडं थांबावं लागलं.

ते वाचत गेले. काकूंचे गुडघे, काकूंची भीती, मुलगी लग्न होऊन गेली त्या आठवड्यात काकू रोज तिच्या खोलीत जाऊन बसत होत्या ही बातमी काकांना नऊ वर्षांनी मिळाली. मधे मधे ते होतेच. कधी हास्यास्पद, कधी नुसतेच कोपऱ्यात पेपर धरून बसलेले. त्यांना राग आला, मग लाज वाटली, मग दोन-चार ठिकाणी स्वतःचंच हसू आलं. मध्यरात्र उलटली तेव्हा ते शेवटच्या पत्रापाशी पोचले. दहा दिवसांपूर्वीचं.

'ताई, तू आता माझ्याकडेच ये. विसरलीस तरी चालेल. तुझी सगळी पत्रं मी ह्यांच्या हाती देणार आहे. माणूस कसाही असो, ह्यांच्या हातून आजवर एक कागद हरवलेला नाही. तू निर्धास्त ये.'

काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. पुसायला म्हणून काढला होता, पण पुसला नाही.

मग त्यांनी मोजणी केली. सहाशे एकवीस. पुन्हा केली, सहाशे एकवीसच. सतरा पत्रं अशी होती, ज्यांना काकूंनी उत्तरच लिहिलं नव्हतं. ती खरोखरची गेली होती.

घरच्या छपाई यंत्रानं चाळिसाव्या पानावर शाई संपल्याचं जाहीर केलं. गुरुवारी सकाळी काका दुरुस्तीवाल्याच्या दारात त्याच्या आधी उभे होते. त्यानं उरलेली सगळी पानं छापून दिली. काकांनी मधे कुठेही कापलं नाही. वरचं काकूंचं, खालचं ताईंचं, जसंच्या तसं. कापायला घेतलं तेव्हा अर्धं बोलणं हातात राहतंय असं त्यांना दिसलं. दुपारी त्यांनी दाभणानं भोकं पाडून, जाड दोरा ओवून बस्ता शिवला. आणि शेवटी सतरा कोरी पानं लावून प्रत्येकावर लिहिलं, 'प्रत उपलब्ध नाही. जबाबदार:', आणि पुढे सही केली. सतरा सह्या करताना त्यांचा हात एकदाही थांबला नाही, पण अक्षर मात्र नेहमीच्या वळणाचं आलं नाही.

चार वाजून पाच मिनिटांनी दारावर थाप पडली. ताई काकूंचा हात धरून आत आल्या. खोली पाहिली, काकांना परक्या माणसाला करावा तसा अदबीनं नमस्कार केला आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या. समोरच्या दारात शाळाबाई दार पुसत होत्या. दार सकाळपासून तिसऱ्यांदा पुसलं जात होतं.

काकूंनी बस्ता उघडला. दोन पानं उलटली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"अहो, हे माझं पण छापलंत!" आणखी चार पानं. "म्हणजे तुम्ही सगळं वाचलंत?"

"वाचलं नाही. तपासलं," काका म्हणाले. आणि मग, उभ्याउभ्याच, तीन वाजून दहा मिनिटांपासून सगळं सांगितलं. मेनचं बटण सांगितलं, अकरा हजार फोटो सांगितले, गुप्त प्रश्नाला आपण आधी काय उत्तर दिलं तेही सांगितलं, जे नसतं सांगितलं तरी चाललं असतं. "सतरा मात्र गेली," ते म्हणाले. "माझ्याकडून गेली."

काकूंनी मागची कोरी पानं उलटली. सतरा सह्या.

"कुठली ती ठाऊक आहे मला," त्या हळूच म्हणाल्या. "उत्तर नसलेली सतराच होती. गेल्या वर्षातली. एकच पत्र तिनं सतरा वेळा पाठवलं. आई कशी आहे, तिला सांग मी येतेय, एवढंच." आई जाऊन बावीस वर्षं झाली होती. "काय उत्तर लिहिणार होते मी?" त्यांनी बस्ता मिटला. "ती गेली ते बरं झालं."

मग एकदम पदर खोचून म्हणाल्या, "पण मला सरळ फोन करून सांगायला काय झालं होतं? तो आकडा माझ्या फोनवर आला! मला वाटलं कुणीतरी आपलं घर लुबाडतंय!" काकांना फार बरं वाटलं. ओरडा खाणं त्यांच्या ओळखीचं होतं.

संध्याकाळी काकूंनी पहिलं पत्र वाचायला घेतलं. ताई खिडकीबाहेर बघत ऐकत होत्या, ऐकतायत की नाही कळत नव्हतं. दुसरं वाचलं. तिसरं वाचलं. चौथ्यात भाजीची पिशवी आली. काकू अडखळल्या, त्यांनी काकांकडे पाहिलं. काकांनी मान हलवली, वाच म्हणून.

"ह्यांनी आज भाजीच्या पिशवीवर आवक क्रमांक घातला. भोपळा एकशे सतरा."

ताई हसल्या. आधी थोड्या, मग खांदे हलेपर्यंत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ताई किती दिवसांनी असं हसत होत्या ते काकूंच्या चेहऱ्यावर दिसलं.

"कोण गं हा माणूस?" ताईंनी विचारलं. आणि शेजारच्या खुर्चीवर पेपर न घेता बसलेल्या काकांकडे वळून, पाहुण्याला विचारावं तसं, "तुम्ही ओळखता का हो ह्यांना?"

"थोडं थोडं," बारनिशीकाका म्हणाले. "कालपासून."

"मग वाचा पुढे," ताई म्हणाल्या, आणि काकूंनी डोळे पुसून बस्ता काकांच्या हातात दिला.